रस्त्याकडेचा कॉम्प्युटर

"चालतोय ना? मग राहू दे की," हे यंत्रांबद्दल माझ्या बायकोचं, डॅरलीनचं, एकमेव तत्त्वज्ञान. टोस्टर एकाच बाजूने भाजतो? राहू दे, पाव उलटा कर. गॅरेजचं दार अर्ध्यातच अडतं? राहू दे, वाकून जा. अशा बाईशी इतकी वर्षं संसार केल्यावर माणसाला कधीमधी एखादी वस्तू खोलून बघावीशी वाटली, तर त्यात त्याची चूक किती? मी जन्मभर मोटार विम्याच्या कचेरीत हेच ठरवत आलो. अपघात झाला, दोन्ही पक्ष तावातावाने बोलायला लागले, की मी चष्मा वर ढकलून सांगायचो, यांची सत्तर टक्के, त्यांची तीस. त्या अनुभवाला स्मरून सांगतो, या प्रकरणात माझी चूक चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. उरलेली कोणाकोणाची, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

आमच्या तळघरात एक कॉम्प्युटर होता. आमची मुलगी लारिसा शाळेत असताना घेतलेला. सकाळी त्याचं बटण दाबावं, वर येऊन कॉफी करावी, प्यावी, कप विसळावा, अंगणातलं गवत किती वाढलंय ते बघावं आणि मग खाली जावं, तर तो नुकताच जागा होत असे. बरं, जागा झाल्यावरही त्याचा मूड लागायचा. डॅरलीन त्यावर पत्ते खेळायची आणि तिची त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. एक पत्ता उलटेपर्यंत तिचा एक उलटा टाका विणून व्हायचा.

ऑगस्टमध्ये लारिसाचं लग्न ठरलं होतं. वसंतात एक दिवस तिचा फोन आला. "डॅड, आजीचा तो पेरोगीचा व्हिडिओ आहे ना, तो मला हवाय. लग्नात दाखवायचाय."

हा व्हिडिओ म्हणजे काय ते सांगायला हवं. लारिसा चार वर्षांची असताना माझ्या आईने तिला पेरोगी, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडायच्या छोट्या करंज्या, करायला शिकवल्या होत्या. स्वयंपाकघरातलं टेबल, पिठाने माखलेल्या दोघी, आणि करंजीची कड दाबावी तशी कड दाबत आईची अखंड बडबड. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो ढीगभर आहेत, पण तिचा आवाज असलेली एवढी एकच गोष्ट जगात उरली होती, आणि ती त्या कॉम्प्युटरमध्ये होती. ज्या कॅमेऱ्याने ते टिपलं तो मी पुढे दुरुस्त करण्यासाठी उघडला होता. त्याबद्दल इथे बोलण्याचं कारण नाही.

"पेन ड्राइव्हवर टाकून दे," लारिसा म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे. नाही जमलं तर राहू दे, मी येऊन करते."

'नाही जमलं तर' हे शब्द मला लागले. मी खाली गेलो, ती फाइल धरून ओढायला गेलो आणि कॉम्प्युटर गोठला. पडद्यावर सूचना आली की डिस्कमध्ये जागा उरलेली नाही. मी बंद करून चालू केला, पुन्हा गोठला. तेव्हा माझ्या मनात विचार आला की याला थोडी जास्त मेमरी आणि एक मोठी, नवी, वेगवान डिस्क बसवली, तर व्हिडिओही निघेल आणि पुढची दहा वर्षं बघायला नको.

शेजारचा गॉर्ड मकॅलम कुंपणावरून म्हणाला, "आधी तो व्हिडिओ बाहेर काढ कसाही. मग काय खोलायचं ते खोल."

"गॉर्ड, सामान हलवायच्या आधी घर बांधून व्हायला हवं," मी म्हणालो. त्या वेळी हे वाक्य मला फार समर्पक वाटलं होतं.

दुकानात जाऊन मी मेमरीची पट्टी आणि डिस्क आणली. विकणाऱ्याने विचारलं होतं, कोणतं मॉडेल? मी म्हणालो, काळं. शनिवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर आत धूळ, मांजराचे केस आणि लारिसाचा एक दुधाचा दात. हा दात तिथे कसा गेला हे आजवर कोणाला कळलेलं नाही. मेमरीची पट्टी खाचेत बसेना. मी जरा जोर लावला, मग जरा जास्त लावला. खाच जुन्या पद्धतीची होती आणि पट्टी नव्या, हे मला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. त्याची वीस टक्के. जोर लावताना कोपर आपटून पुढचं चालू करायचं बटण तुटलं, ते मात्र माझ्याकडे धरा.

धूळ उडाली ती डॅरलीनच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. ती जिन्यावर येऊन उभी राहिली. "मायरन, ते बाहेर ने."

"अगं, फक्त जरा..."

"बाहेर. आणि माझ्या ट्यूलिपपासून लांब. पार रस्त्याच्या कडेला." एवढं बोलून ती केस कापायला निघून गेली.

मी तो जड डबा उचलून फुटपाथपलीकडच्या हिरवळीवर नेला, दुधाच्या क्रेटवर ठेवला आणि छोट्या ब्रशने झटकू लागलो. गॉर्ड आलाच. गॉर्डला कोणाच्या हातात हत्यार दिसलं की चैन पडत नाही. "ब्रशने काय होणार? थांब," असं म्हणून तो घरातून पानं उडवायचं यंत्र घेऊन आला. ऑक्टोबरमध्ये अख्खी गल्ली साफ करणारं यंत्र. धूळ गेली हे खरं. तिच्याबरोबर बशीत काढून ठेवलेले सगळे स्क्रू गेले, एका बाजूचं पत्र्याचं झाकण गडगडत मिसेस हलाइकोंच्या अंगणापर्यंत गेलं आणि दुधाचा दातही गेला.

मिसेस हलाइको समोर राहतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची, दिवसभर खिडकीत. त्या दारात येऊन म्हणाल्या, "मायरन, तुझे वडील रेडिओ असाच उघडायचे. मग आम्ही सगळे बातम्या ऐकायला माझ्याकडे जमायचो."

मी हसून मान हलवली आणि चुकीची मेमरी परत करायला दुकानात निघालो. कॉम्प्युटर तिथेच ठेवला. परत आत नेला असता तर आधी पुसावा लागला असता, आणि दहा मिनिटांत मी येणारच होतो.

दुकानातला परतीचा काउंटर ही एक वेगळीच जागा आहे. तिथली मुलगी अतिशय गोड बोलत होती. "पावती आहे का, सर?"

"ईमेलवर पाठवली होती तुम्ही."

"मग ईमेल दाखवा ना."

"ती कॉम्प्युटरवर आहे."

"मग कॉम्प्युटर चालू करून बघा."

"तो उघडा आहे. त्यात ही बसत नाही म्हणूनच मी आलोय."

"सॉरी, सर," ती म्हणाली आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. तिने साहेबांना विचारलं. साहेबांनाही वाईट वाटलं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनाही वाईट वाटलं आणि एकाने मला आपला नंबर देऊ केला, जो माझ्या मागचा होता. सगळ्यांचं सॉरी सॉरी होऊन, पट्टी खिशात घालून मी परतलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती.

रस्त्याच्या कडेला कॉम्प्युटर नव्हता. क्रेटही नव्हता. गवतावर विजेची लांब वायर तेवढी पडली होती.

त्या शनिवारी आमच्या विनिपेग शहरभर लोकांनी नको असलेल्या वस्तू घरासमोर कडेला ठेवल्या होत्या. वर्षातून एकदोनदा असा शनिवार-रविवार ठरवून दिलेला असतो. कडेला ठेवलं म्हणजे ज्याला हवं त्याने न्यावं. सकाळपासून गाड्या आमच्या घरासमोर हळू होत होत्या आणि मला वाटत होतं की लोक डॅरलीनचे ट्यूलिप बघतायत.

मी गॉर्डकडे धावलो. "कॉम्प्युटर कुठंय?"

"नेला की एकाने," गॉर्ड म्हणाला. "करडी व्हॅन होती. मी चढवायला मदत केली."

"तू मदत केलीस?"

"अरे, एकटा माणूस, वस्तू जड. नुसतं बघत उभं राहणार का मी? झाकणसुद्धा आणून दिलं त्याला. मला वाटलं, तू वैतागून टाकलास."

"कोण होता तो?"

"नाव नाही विचारलं. उगाच आगाऊपणा कशाला? पण माणूस चांगला होता. हवा छान पडलीय म्हणाला."

गॉर्डची चाळीस टक्के. मी महापालिकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक बाई आल्या. त्यांनी विचारलं, वस्तू कडेला ठेवली होती का? मी म्हणालो, हो, पण धूळ झटकायला. वस्तूवर 'फुकट' अशी पाटी होती का? नव्हती. मग 'फुकट नाही' अशी पाटी होती का? तीही नव्हती. "मग फुकटच, सर," बाई म्हणाल्या. "दिवस चांगला जावो."

आता डॅरलीनला सांगावं, हा सरळ मार्ग होता. पण माझ्या डोळ्यांपुढे तिचा चेहरा आला. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती ओरडत नाही. ती फक्त विणकाम खाली ठेवते. आणि लारिसाला काय सांगणार होतो? आजीचा आवाज मी रस्त्यावर ठेवला आणि दुकानात गेलो? मला ते तोंडातून काढवेना. मी तळघरातलं ओल शोषून घेणारं यंत्र गॅरेजमध्ये आणलं, बाकावर ठेवलं आणि त्यावर जुनी चादर टाकली. आकार साधारण तेवढाच होता.

"काम जरा नाजूक टप्प्यावर आलंय," मी जेवताना जाहीर केलं. "धूळ चालणार नाही. कोणी चादर उचलायची नाही."

त्यानंतरचे आठवडे मी गॅरेजमध्ये काढले. दुपारी आत जाऊन दार लावायचं आणि मधूनमधून पेचकस डब्यावर आपटायचा. खरं काम काय, तर जुन्या वस्तूंच्या जाहिराती फोनवर धुंडाळायच्या. शहरातल्या प्रत्येक जुन्या काळ्या कॉम्प्युटरचा फोटो मी बघितला. दोन ठिकाणी जाऊन आलो. एका माणसाने मला घरात बसवून सफरचंदाचा पाय खायला दिला, आणि त्याचा कॉम्प्युटर पांढरा निघाला.

दरम्यान सल्लागार येतच होते. गॉर्ड चादरीकडे बघून म्हणायचा, "पंखा आवाज करतो का? तेल सोड." पलीकडच्या गल्लीतला कोणी एक निवृत्त वीजतज्ज्ञ म्हणाला की अनवाणी काम कर. मिसेस हलाइकोंनी बीटचं सूप, बोर्श्ट, आणून दिलं आणि चादरीवर क्रूसाची खूण करून गेल्या. डॅरलीन रोज चार वाजता कॉफी आणायची आणि दाराबाहेरून विचारायची, "झालं का?"

"होत आलं."

"तळघर दमट झालंय, मायरन. ते यंत्र कुठे गेलं कळत नाही."

मी पेचकस जोरात आपटायचो. लारिसाचाही फोन यायचा. आता ती 'नाही जमलं तर' म्हणत नव्हती. "डॅड, तू एवढं मनावर घेतलंयस, मला फार बरं वाटतं," ती म्हणाली, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जूनमध्ये सोशल होतं. लग्नाआधी आमच्याकडे सोशल करतातच. एखादा हॉल घ्यायचा, तिकिटं लावायची, नाच, बिअर, बक्षिसांची सोडत, आणि जे जमेल ते नव्या जोडप्याच्या पदरात टाकायचं. ओळखीचे येतात, अनोळखी तर हमखास येतात. बक्षिसं जमवायची जबाबदारी आमच्या होणाऱ्या व्याह्यांनी घेतली होती. स्टाइनबॅक गावचे एब फ्रीसन, आमच्या होणाऱ्या जावयाचे, ट्रेव्हरचे, वडील. शेतीच्या यंत्रांच्या धंद्यात जन्म गेलेला, साध्या राहणीच्या मेनोनाइट पंथाचा माणूस. काहीही वाया जाऊ द्यायचं नाही हा धर्म, आणि कागदावर लिहिलेलं मोडायचं नाही हा दुसरा. आमची फोनवरच काय ती ओळख, भेट एकदाच, तीही लारिसाच्या घरी.

हॉलच्या एका भिंतीला लांब टेबल लावून त्यावर बक्षिसं मांडली होती. प्रत्येकापुढे एक कागदी पिशवी. जे हवं त्याच्या पिशवीत आपली तिकिटं टाकायची. बिअरचं टोपलं, मासेमारीचे गळ, आमच्या घरचं न वापरलेलं पाव करायचं यंत्र, आणि त्याच्या शेजारी, चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळून, वर जांभळी फीत बांधून, माझा कॉम्प्युटर.

माझा यासाठी, की बाजूला लारिसाने लहानपणी चिकटवलेला बेडूक होता. पुढच्या बाजूला, जिथे बटण तुटलं होतं, तिथे मोठी पितळी किल्ली होती.

"अरे, हाच तो," गॉर्ड माझ्या कानाशी म्हणाला. त्याचं बोट कॉम्प्युटरकडे नव्हतं, आमच्या व्याह्यांकडे होतं. "व्हॅनवाला. म्हटलं नव्हतं, चांगला माणूस आहे?"

मी एबना बाजूला घेतलं. "हे इथे कसं आलं?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आवाज अगदी खाली आणला. "मायरन, मी कोणाजवळ बोललो नाही. ट्रेव्हरजवळसुद्धा नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

"काय नाही बोललात?"

"डॅरलीन फोनवर म्हणाल्या, बक्षिसांचं सामान बाहेर काढून ठेवलंय, कोणी नसलं तरी घेऊन जा. आलो, तर पाव करायचं यंत्र आणि हे. याचं झाकण निघालेलं, स्क्रू नाहीत, बटण तुटलेलं. मी काय ते समजलो. सगळ्यांचे दिवस सारखे नसतात. जे होतं ते तुम्ही मनापासून दिलंत. म्हटलं, लारिसाच्या वडिलांची चारचौघांत शोभा व्हायला नको. म्हणून मीच बसून नीट केला. नवी मेमरी, नवी डिस्क. बटण मिळेना, मग कापणीच्या कंबाइन यंत्राची किल्ली बसवली. आता विमानासारखा सुरू होतो."

पेन्शन असलेला, घराचं कर्ज फेडलेला, मी एक प्रतिष्ठित माणूस. हा मनुष्य कित्येक आठवडे माझ्या गरिबीची लाज झाकत बसला होता. पण तो अपमान गिळायला मला वेळ नव्हता. "जुनी डिस्क कुठंय?"

"तिला ड्रिलने तीन भोकं पाडली. चुकीच्या हातात पडायला नको."

मी वळून टेबलावरच्या त्या डब्याकडे बघितलं.

"पण आधी त्यातलं सगळं नव्या डिस्कमध्ये ओतून घेतलं," एब म्हणाले. "म्हणजे, ओतलं गेलं असावं."

"असावं? बघितलं नाहीत?"

एब दुखावले. "दुसऱ्याच्या घरचं कपाट मी उघडत नाही, मायरन."

मी त्यांना आईच्या व्हिडिओचं सांगितलं. सगळं सांगितलं, पानं उडवायच्या यंत्रापासून.  मग त्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या सोडतीच्या सरकारी परवान्याकडे बघितलं. "मांडलेलं बक्षीस मागे घेता येत नाही. लोकांनी तिकिटं टाकलीत त्यात. ती आपल्या भरवशावर टाकलीत."

"एब, ती माझी आई आहे."

"म्हणूनच तर मला झोप लागणार नाही," ते म्हणाले. "पण परवाना तो परवाना."

मग मी तिकिटं घेतली. सोशलमध्ये तिकिटं वावावर मिळतात. विकणारा दोन्ही हात पसरतो, एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत जेवढी पट्टी येईल तेवढी तुमची. म्हणून शहाणा माणूस उंच विकणारा गाठतो. ट्रेव्हरचा एक मित्र हॉकीत गोल राखतो. मी त्याला कोपऱ्यात धरून त्याचे हात पुन्हा पुन्हा पसरायला लावले. अर्धी तिकिटं फाडून पिशवीत, त्यांच्या जोडीची अर्धी माळ गळ्यात, असा मी त्या टेबलाशी येरझारा घालू लागलो.

हे लोकांच्या लक्षात आलं. नवरीचा बाप बिअरच्या टोपल्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि तिकिटांच्या माळाच्या माळा त्या जुनाट काळ्या डब्यात ओततोय, म्हणजे त्यात काहीतरी असलं पाहिजे. कुणी म्हणालं, आत सोनं असतं. कुणी म्हणालं, जुनी मॉडेलं आता परदेशात जातात. थोड्याच वेळात त्या पिशवीपुढे रांग लागली. मिसेस हलाइकोंनीही एक माळ टाकली. गॉर्डने दोन टाकल्या, मला काय माहीत कशासाठी. पिशवी फाटली म्हणून एबनी कचऱ्याची मोठी पिशवी आणली. मी जितकी तिकिटं टाकत होतो तितका माझा वाटा कमी होत होता, आणि हे कळत असूनही मला थांबता येत नव्हतं.

डॅरलीन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती बेडकाकडे बघत होती. "मायरन," ती म्हणाली, "गॅरेजमध्ये चादरीखाली काय आहे?"

"ओल शोषायचं यंत्र."

 विणकाम बरोबर आणलं नव्हतं, म्हणून तिने हातातली पर्स खाली ठेवली.

"पण चालतो का तो?" मागून कोणीतरी ओरडलं. "चालू करून दाखवा की."

सगळा हॉल म्हणू लागला, चालू करून दाखवा. एबना ते रास्त वाटलं. परवान्यात त्याला मनाई नव्हती. त्यांनी फीत सोडली, कागद उलगडून घडी करून खिशात ठेवला, कॉम्प्युटरची वायर हॉलच्या मोठ्या पडद्याला जोडली आणि किल्ली फिरवली. तो खरोखरच लगेच जागा झाला. टाळ्या पडल्या. पडद्यावर डॅरलीनचा पत्त्यांचा खेळ, माझे आयकराचे कागद आणि एका कोपऱ्यात ती फाइल होती. फाइल दिसली म्हणजे ती धड आहे असं नव्हे, हे मला ठाऊक होतं. 

"मायरन," एब माइकवरून म्हणाले, "कपाट तुमचं आहे. उघडू का?"

मी मान हलवली.

आधी नुसतंच पीठ दिसलं. मग आईचे हात, आणि खुर्चीवर उभी असलेली लारिसा, जीभ बाहेर काढून कड दाबणारी. आणि मग तो आवाज. सगळ्या हॉलभर, छताला लागेल एवढा मोठा. "असं नाही, सोन्या, असं. घट्ट. नाहीतर पाण्यात तोंड उघडेल आणि सगळं बाहेर." बिअरच्या काउंटरवरचीही बडबड थांबली. आईने वर बघितलं, सरळ माझ्याकडे, म्हणजे त्या वेळच्या कॅमेऱ्याकडे. "मायरन, चालू आहे का रे ते? तू धरलंयस म्हणजे बंदच असणार. ठेव खाली, हात धू आणि चार पेरोगी तूही कर. तुझी पोरगी तुझ्यापेक्षा बऱ्या करते."

हॉल हसला. मीही हसलो, आणि मग मला हसता येईना. आईने लारिसाच्या नाकाला पीठ लावलं आणि तिथे ते संपलं. लारिसा नाचायच्या जागेच्या मधोमध उभी होती, ट्रेव्हरच्या बाहीला डोळे पुसत. ती माझ्याकडे आली, माझ्या गळ्यातल्या तिकिटांच्या माळेसकट मला मिठी मारली आणि म्हणाली, "डॅड, तू हे सोडतीत का ठेवलंस?"

तोवर एब पुन्हा माइकपाशी गेले होते. व्हिडिओ कोणीही मागाहून उतरवून घेऊ शकलं असतं, असं कोणी म्हणेल. ज्याने एबना ओळखलेलं नाही तोच असं म्हणेल. वस्तू जिंकणाऱ्याची, आतलंही जिंकणाऱ्याचं, त्याची परवानगी असल्याशिवाय ते बोट लावणार नव्हते. त्यांनी काळ्या पिशवीत दंडापर्यंत हात घातला, तिकीट काढलं आणि नंबर वाचला.

कोणी उठलं नाही.

पुन्हा वाचला. मी माझी माळ वरखाली केली, माझा नव्हता. मिसेस हलाइको भिंगातून आपली तिकिटं बघत होत्या. त्यांनी भिंग खाली ठेवलं, एक तिकीट काढून सॉसेजच्या बशीखाली सरकवलं आणि लोणच्याची काकडी खाऊ लागल्या.

एबनी दुसरं काढलं. गॉर्डने आपल्या माळेकडे बघितलं, मग छताकडे, आणि माळ गुंडाळून खिशात टाकली. तिसऱ्याला हॉकीवाला पोरगा बूट बांधायला वाकला. पुढचा नंबर वाचल्यावर एका अनोळखी माणसाने, ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं, आपल्या बायकोच्या हातातलं तिकीट हळूच काढून बिअरच्या ग्लासात बुडवलं. नंतर मी मोजणं सोडलं. एब नंबर वाचत होते, परवान्याप्रमाणे प्रत्येक तीनदा, घोगऱ्या आवाजात, आणि अख्खा हॉल शांतपणे, इकडेतिकडे बघत, जिंकायला नकार देत होता.

मला कळत होतं ते काय करतायत, आणि म्हणूनच माझ्या डोळ्यांपुढे एकही आकडा स्थिर राहीना. मी माळ उलटी धरली, सुलटी धरली, दोन ठिकाणी ती गुंतली.

"नंबर पुन्हा सांगतो," एब म्हणाले. पुन्हा सांगितला. कोणीतरी खाकरलं. मिसेस हलाइकोंनी काकडी खाली ठेवली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या होत्या आणि त्यांच्यात आता वैताग दिसू लागला होता.

डॅरलीनने माझ्या गळ्यातली माळ ओढून घेतली, भराभरा सरकवली आणि एका जागी अंगठा रोवला. "मायरन, हा तुझाच आहे. केव्हाचे सांगतायत ते."

"आता तरी या, व्याही," एब माइकवरून म्हणाले. "जेवणाचा पाव सुकायला लागलाय."

मी उठलो. पलीकडचं टेबल, एब, तो बेडूक, सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं. लोक खुर्च्या सरकवून मला वाट करून देत होते, आणि जो हात हाताशी येईल तो दाबत मी पुढे गेलो.